बांधावरची रानमोहरी उपटू नये

मी, शिवबाई भ्रतार सिद्रामप्पा तोरणगी, वय अंदाजे सत्तर, धंदा शेती, राहणार मौजे वळसंग, तालुका दक्षिण सोलापूर, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने सांगून लिहवून घेते. कोणाचा दाब नाही. दाबणारे बहुतेक माझ्याआधी गेले. एक उरला आहे, त्याचे नाव पुढे येईल.

१. पहिला नवरा वारल्यावर सिद्रामप्पांशी माझा पाट लागला, तेव्हा पहिल्या घरची लेक रत्नम्मा माझ्या कडेवर होती. सासू शेजारणींना म्हणाली, "ही रानमोहरी हाय. पेरली न्हाय, आपली आपण उगवली." तेच नाव पडले. माझ्या धन्याला ते झोंबले. ओढ्याकाठची पट्टी त्यांनी माझ्या नावे करून दिली.

२. त्या पट्टीच्या बांधावर खरीच रानमोहरी येते, पिवळीधमक. सावत्र मुलगा गुरुलिंग दरवर्षी उपटतो. म्हणतो, "पिकाचं खातीया की." बांधावर कसले आले पीक? त्याचे दुखणे माझ्या नावच्या सातबाऱ्याचे आहे.

३. रत्नम्माच्या लग्नात दृष्ट काढायला मी मीठमोहरी मुठीत घेतली. भरल्या मांडवात याच गुरुलिंगने माझे मनगट धरले. "पाटाच्या बाईनं दिष्ट काढायची नसती." मी तिची पोटची आई! फार लागले ते. पाठवणीआधी बांधावरच्या वाळल्या शेंगा चुरगाळल्या आणि गोठ्यात लेकीवरून उतरवल्या. आज ती आणि तिची लेकरे धडधाकट आहेत. दृष्ट निघते म्हणायची रानमोहरीनेही.

४. सबब सदर पट्टी, माझ्या दोन खोल्या व जाते रत्नम्माला मिळावे. बांध मात्र नांगरू नये. गुरुलिंगला माझे खुरपे द्यावे, उपटायची हौस त्यालाच.

५. मला आमच्या रीतीने त्याच बांधावर पुरावे. खड्ड्यात मीठ घालतातच. रत्नम्माने मूठभर रानमोहरी माझ्यावरून उतरवून त्यात टाकावी. माझी दृष्ट आजवर कोणी काढलेली नाही. बाईने खड्ड्याजवळ येऊ नये असे कोणी म्हटले, तर हा कागद दाखवावा. उरलेले बी वरच्या मातीत टाकावे. पाऊस झाला की उगवेल. ज्याला ती उपटायची असेल, त्याने आधी मला उपटावे.

कागद वाचून दाखवला, बरोबर आहे. शेवटचा शब्द बदलू का, असे लिहिणाऱ्याने विचारले. मी बदलू दिला नाही.

सही (कानडीत): शिवबाई
साक्षीदार: १. तिप्पण्णा मलकप्पा कोरे २. येडू सिदू बंडगर
मुक्काम वळसंग, ता. ११ जानेवारी १९७४