एकेचाळीस बंद दारं

३ फेब्रुवारी
आदिवासी वस्तीचा विकास आराखडा माझ्याकडे आला! संकल्प: खुर्चीत बसून काही करायचं नाही, स्वतः दारोदार जाऊन सर्व्हे. साहेबांनी महिना दिलाय. मी पंधरवड्यात उरकणार.

६ फेब्रुवारी, दुपारी १२
घरं एकेचाळीस, सगळी बंद. ड्रायव्हर म्हणतो, माणसं जंगलात गेली असतील, संध्याकाळी परततील, थांबू या. त्याला म्हणायला काय जातंय! जीप चारला ऑफिसात जमा करायची असते. एका दारामागे कुणीतरी खोकलं. हाका मारल्या, दार उघडलं नाही. फॉर्मवर दोनच पर्याय: 'राहतं' किंवा 'रिकामं'. एकेचाळीस वेळा 'रिकामं' लिहिलं. नंतर दुरुस्त करता येतं.

१२ फेब्रुवारी
साहेब भलतेच खूश. वस्ती रिकामी म्हणजे पुनर्वसनाची कटकट नाही. जुनी घरं पाडून तिथेच आदर्श वसाहत. सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आता कुठल्या तोंडाने दुरुस्ती काढू? सोमवारी बघू.

१९ फेब्रुवारी
सोमवार गेला. बायकोने विचारलं, वस्ती रिकामी आहे तर वसाहतीत राहणार कोण? तिला प्लॅनिंगमधलं काही कळत नाही. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

२२ फेब्रुवारी
वस्तीतली एक म्हातारी चालत ऑफिसात आली. त्या दिवशी ताप होता, उठवलं नाही, म्हणून दार उघडलं नाही म्हणाली. वर माझीच माफी मागितली. दारावर चिकटवलेली घर पाडण्याची नोटीस काढून आणली होती, ती वाचून दाखवा म्हणाली. मी सांगितलं, तुमच्या भल्याचंच आहे. तिने नोटीस घडी घालून पदराला बांधली. दुरुस्तीचा अर्ज उद्या नक्की.

२३ फेब्रुवारी
पोर्टल बंद. माझा काय दोष?

२६ फेब्रुवारी
पाडकामाचं मशीन उद्या सकाळी अकराला वस्तीवर जाणार. वेळ मीच सुचवली होती, त्या वेळी अडथळा नसतो. साहेबांना सांगायला तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. भीती वाटतेय. बहुतेक मशीन वेळेवर जाणारच नाही. सरकारी काम आहे.

२७ फेब्रुवारी, रात्री ११
वेळेवर गेलं.
मी संध्याकाळी पोचलो तेव्हा माणसं ओझी घेऊन जंगलातून उतरत होती. जिथे होती तिथेच थांबली. झाडाखाली म्हातारी एक गाठोडं धरून बसलेली. पाडताना पाहिलं ते तिने एकटीने. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. काहीतरी करायचं म्हणून फॉर्म काढले. ड्रायव्हरने टॉर्च धरला. या वेळी सगळे भेटले. एकशे त्र्याऐंशी माणसं, नावानिशी. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना. कोरा ठेवला.