धुतलेली साखळी

बाबा,

यंदाच्या मे महिन्यात पूर्ण्याला इतकं ऊन होतं, की गोदामाबाहेर पडलेल्या साखळीला हात लावला तर कातडी चिकटून राहील असं वाटायचं. तू होतास तेव्हा तिथे भातखाचरं होती. आता हायवेपासून थेट आतपर्यंत पत्र्याची गोदामं आहेत, आणि त्यातल्या एका गोदामात मी सेफ्टी ऑफिसर आहे. हे तुला माहीत नाही. पिवळं हेल्मेट घालून दिवसभर फिरते, माणसं मला मॅडम म्हणतात, आणि माझं निम्मं काम म्हणजे साखळ्या तपासणं. क्रेनच्या, चेन-पुलीच्या, कंटेनरमधून यंत्रं उचलायच्या. तुझंच काम म्हण ना. फरक एवढाच, की तू कडी कडी बोटांतून नेऊन मान हलवायचास आणि मला खाली सही करावी लागते.

तुझ्या कामाची मला आधी लाज वाटायची, हे तुला कळलं होतं का? कॉलेजात कुणी विचारलं तर मी म्हणायची, बाबा लूमच्या लाइनीत आहेत. लोकांना वाटायचं यंत्रमागांचा कारखाना असेल. तू तर दुसऱ्यांचे लूम उचलायचास. निजामपुऱ्याच्या गल्लीत कुणी कारखाना वरच्या मजल्यावर नेला, कुणी जुने लूम भंगारात काढले, की तुला बोलावणं यायचं. तू, तुझी चेन-पुली आणि अंबाडीच्या पुढच्या पाड्यावरून येणारे काका. ते नात्याने कुणी नव्हते, पण तुमची दोघांची जोडी माझ्या जन्माच्या आधीपासूनची. तू साखळी ओढायचास आणि काका लूमला हात लावून त्याला वाट दाखवायचे, गाईला गोठ्यात घेतात तशी. संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत रॉकेलचा वास यायचा, कारण तू मागच्या अंगणात साखळी धूत असायचास. आई म्हणायची, भाकरीलाही रॉकेलची चव लागते. तू हसायचास आणि आणखी एक भाकरी मागायचास.

मी नववीत असेन तेव्हाची गोष्ट. तुझी धुतलेली साखळी मी भर दुपारी अंगणात पसरून ठेवली, लवकर वाळावी म्हणून. तू घरी आलास, पाहिलंस आणि मला हाक मारलीस. "लाव हात." मी हात लावला आणि किंचाळले. तू शांतपणे म्हणालास, "बग. आता ही साखळी कोन तपासल? कोनी न्हाय. उन्हानं लोखंडाला काय व्हत न्हाय, पोरी. पन हात भाजतो म्हनून मानूस नुसता लांबनं बगतो, आनि लांबनं सगल्या कड्या चांगल्या दिसतात." मग माझा हात माठातल्या पाण्यात धरून बसलास. तू मला रागावल्याचं एवढंच आठवतं. आज मी कामगारांना हेच शिकवते. आपल्याकडचं ऊन कितीही कडक असलं तरी साखळीची ताकद त्याने कमी होत नाही, तपासणाऱ्याची होते. शीतगृहाच्या थंडीतही चांगली साखळी तग धरते, पण हुकात अडकलेलं पाणी गोठतं आणि त्याच्या तोंडावरची पट्टी बंद होत नाही. पावसात गंज धरतो, आणि वरून दिसतो त्याहून कड्यांच्या सांध्यात जास्त असतो. तू असतास तर म्हणाला असतास, यात शिकवायचं काय, हे डोळ्याला दिसतं.

डोळ्याला न दिसणारं मात्र तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुझा नियम होता, रॉकेल, चिंधी, तेल, आणि दुसरं काही नाही. का नाही, ते तुलाही माहीत नसावं. तुझ्या उस्तादाने सांगितलं आणि तू पाळलंस.

मग त्या पावसात खाडीचं पाणी गल्लीत शिरलं. आपल्या उंबऱ्यापर्यंतच आलं, पण ज्या कारखान्यात तुझी चेन-पुली ठेवलेली होती तिथे छातीएवढं चढलं. चार दिवसांनी तू साखळी आणलीस ती तांबडी लाल होऊन. सगळ्यांचे लूम चिखलात होते, जो तो तुला बोलवत होता, आणि तुला ताप होता. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, केमिस्ट्री घेऊन. तू औषध घेऊन झोपलास आणि मला वाटलं, आज आपलं शिक्षण बाबाच्या कामी येईल. मोरीत फरशी धुवायचं ॲसिड होतं. मी साखळी टबात घातली, वर ते ओतलं आणि बुडबुडे येताना बघत बसले. हायड्रोजन, मी मनात म्हटलं, आणि समीकरणसुद्धा मांडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याने धुतली, पुसली, तेल लावलं. नव्यासारखी झाली. तू उठलास, कडी कडी बोटांतून नेलीस, दोनदा नेलीस. कुठेच दोष नव्हता. काका न्यायला आले तेव्हा तू त्यांना साखळी दाखवून म्हणालास, "पोरीनं धुतली. बग कशी चकाकते." तुझा तो चेहरा मला अजून दिसतो. माझ्या कुठल्याही निकालाच्या दिवशी तू तसा दिसला नव्हतास.

तिसऱ्या दिवशी सकाळी साखळी तुटली. लूम टेंपोत चढत होता, जमिनीपासून हातभर वर. काका नेहमीसारखे बाजूला उभे होते आणि लूम त्यांच्या डाव्या पायावर आला. तू त्यांना पाठीवर घेऊन गुडघाभर चिखलातून नाक्यापर्यंत पळालास, तेव्हा कुठे रिक्षा मिळाली. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कारखान्याचा मालक आला, पोलीस आले, आणि तू सगळ्यांना एकच सांगितलंस: "साखली मी तपासली न्हवती. तापात व्हतो. चूक माजी हाय."

तू दोनदा तपासली होतीस. मी बघितलं होतं.

त्यानंतर तू चेन-पुलीला हात लावला नाहीस. सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंग कारखान्याच्या गेटवर वॉचमनची ड्युटी धरलीस. दर रविवारी सकाळी अंबाडीची एसटी पकडून काकांकडे जायचास आणि दुपारी परत यायचास. तिथे काय बोलता, असं आईने विचारलं तर म्हणायचास, "काय बोलायचं? बसतो." माझ्या परीक्षेच्या दिवशी तू मला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला आलास. साखळीबद्दल आपण एक अक्षर बोललो नाही. पाच वर्षांनी तू गेटवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेलास, तोपर्यंत नाही. तुझ्या दिवसांना काका कुबड्या घेऊन आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे माझ्या लग्नालाही आले.

मी हे काम का धरलं, असं लोक विचारतात. सेफ्टीच्या कोर्सला एक वयस्कर सर होते. त्यांनी एक तुटलेली कडी वर्गात फिरवली आणि सांगितलं, ही ओढली जाऊन तुटलेली नाही, हिला ॲसिड लागलं होतं. ॲसिडातला हायड्रोजन कडक पोलादाच्या पोटात शिरतो, वरून कडी चकाकत राहते आणि ओझं आलं की काचेसारखी फुटते. कडी माझ्या हातात आली तेव्हा मी ती न बघताच पुढे दिली.

हे सगळं आज लिहायचं कारण गेल्या आठवड्यात घडलं. पावसाने यार्डातल्या साखळ्यांवर गंज चढला होता आणि तपासणी जवळ आली होती. ठेकेदाराचा एक माणूस, दोन मुलांचा बाप, माझ्यापुढे एक साखळी घेऊन आला. "मॅडम, देखिए, एकदम नई कर दी." मी ती नाकाजवळ नेली. ॲसिडचा वास होता. त्याच्यासमोरच गॅस कटरने तिचे तुकडे करायला लावले. तो रडवेला होऊन म्हणाला, "किसी ने बताया ही नहीं, मॅडम. आप खुश होंगी, यही सोचा था." मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. बाहेर जाऊन मी टँकरच्या आडोशाला उभी राहिले.

रविवारी मी अंबाडीला उतरले आणि पाड्यावर गेले. काका ओसरीवर दोरी वळत बसले होते. आता त्यांना कमी दिसतं, पण माझा आवाज ओळखला. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. ॲसिड, टब, बुडबुडे. म्हटलं, मलाही फार उशिरा, कोर्सला गेले तेव्हा कळलं. त्यांनी दोरी वळणं थांबवलं नाही.

"तुजा बापूस दवाखान्यातच बोलला मला," ते म्हणाले. "म्हनला, पोरीनं ॲसिडात घातली व्हती, मायेनं घातली. तिला कललं तर ती जगायची न्हाय. तू मला शिव्या दे, पन तिला कदी बोलू नको."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"दिल्या ना शिव्या. लय दिल्या. एक वरीस देत व्हतो, दर आइतवारी. तो गप ऐकायचा. मग एक दिस मलाच कंटाला आला." दोरी बाजूला ठेवून म्हणाले, "च्या घेशील?"

मी चहा घेतला. एसटीत बसल्यावर मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर तुझा रागही आला. तुझ्या वाट्याला आलेल्या त्या वर्षभराच्या शिव्या माझ्या होत्या. तू मला विचारायला हवं होतंस.

पण मी काकांशी खोटं बोलले, बाबा. कोर्सला कळलं असं मी म्हणाले, पण तिथे कळलं ते हायड्रोजनचं, एवढंच. साखळी तुटली त्याच संध्याकाळी तू दवाखान्यातून आलास आणि हात धुवायला मोरीत गेलास. तिथे ॲसिडची बाटली उचलून तू वास घेतलास, रिकामी आहे का ते उजेडात धरून पाहिलंस आणि तिथेच खाली बसलास. मी दारात उभी होते. तू मान वळवायच्या आत मी मागे सरकले, खोलीत गेले आणि पुस्तक उघडून वाचत बसले.