शनिवारी कालवलेले बी

नॉयडॉर्फ, दक्षिण ऑस्ट्रेलिया
रविवार, दिनांक ९ ऑगस्ट १९६४

मी, ट्राउगॉट योहान नोआक, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती व मेंढपालन, येथील ल्यूथरन मंडळीच्या पंचांपैकी एक, शिक्षण चौथी इयत्ता, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दबावाविना पुढील मजकूर लिहितो.

चि. सेल्मा हिस आशीर्वाद. आम्ही उभयता क्षेमरूप आहोत. थंडीमुळे तुझ्या आईचा गुडघा दुखतो, तरी ती ऐकत नाही. यंदा कोकरे बरी झाली. दोन कोल्ह्याने नेली.

वरची सुरुवात तुला विचित्र वाटेल. परंतु हे पत्र केवळ तुझ्यासाठी नाही. येत्या वीस तारखेस तुमच्या शेती संशोधन केंद्रात समिती बसणार असून तुझा जिवाणूंचा प्रयोग पुन्हा सुरू करावा की कायमचा बंद करावा, हे ठरणार आहे, असे आईकडून कळले. पहिल्याच शेतकऱ्याचा जबाब विरुद्ध गेल्यामुळे तुझी बाजू लंगडी पडते, असेही कळले. तो शेतकरी मी. तू माझ्याकडे काहीही मागितले नाहीस. तरी हे पत्र समितीपुढे ठेवावे.

सन १९६१ च्या एप्रिलमध्ये तू क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाच्या बियाण्यासाठी काळ्या पुडीची पाकिटे पाठवलीस. सोबतच्या पत्रात लिहिले होते की, या पुडीतले जिवाणू मुळांवर गाठी करतात आणि हवेतले नत्र पिकाला मिळवून देतात. साय काढलेल्या दुधात कालवून बियाण्याला चोळावे, सावलीत ठेवावे, त्याच दिवशी पेरावे आणि सुपर फॉस्फेट खतात मिसळू नये, कारण त्याच्या आम्लाने ते मरतात. हे पत्र मी दोनदा वाचले होते.

शनिवारी, दिनांक ६ मे रोजी, मी बी चोळले. आमच्याकडे बी आणि सुपर पेरणीच्या पाभरीच्या एकाच पेटीत घालतात. माझ्या वडिलांनी तसेच केले, मीही तसेच केले. तुझी आई म्हणाली, "अहो, पोरीनं एवढं लिहिलंय, वेगळं पेरा की."

मी म्हणालो, "तिला चालायला मी शिकवलं. आता ती मला पेरायला शिकवणार?"

पाभर जुंपतो तोच पाऊस आला. दुसरा दिवस प्रभूचा, त्या दिवशी नॉयडॉर्फात पाभर चालत नाही. बी सुपरमध्ये तसेच राहिले. सोमवारी दुपारी चाळीस एकर पेरले. विश्रामदिन पाळला, याचा मला अभिमान वाटला, हेही नमूद करतो.

जुलैत सारे रान पिवळे पडले. आईने मात्र वाटीभर चोळलेले बी वेगळे काढून शनिवारीच कोंबड्यांच्या आवारामागे हाताने पेरले होते. तो तुकडा पुढे टिकला नाही. फाटक उघडे राहिले आणि मेंढ्यांनी तो खाल्ला.

सप्टेंबरात या प्रयोगाचा निकाल ऐकण्यासाठी चर्चच्या सभागृहात सभा भरली. तू पुढे उभी होतीस. शेजारी रायनहोल्ट पेख मागून ओरडला, "काय नोआक, लेक शिकवलीस आणि रानात काजळी पेरलीस!" लोक हसले. हसू मला सोसत नाही, हे तू जाणतेस. तू विचारलेस, "बाबा, खरं सांगा, सुपरमध्ये मिसळलं नव्हतं ना?"

मी म्हणालो, "नाही. तुझी पूडच खोटी आहे."

ती पूड खोटी नव्हती. मी खोटे बोललो. त्यानंतर रायनहोल्टसह चार शेतकऱ्यांनी तुझी पाकिटे न फोडता परत केली, तुला रानातल्या पाहणीवरून काढून आत बाटल्या धुण्यास बसवले, आणि तू या घरी आली नाहीस.

येथवरचा मजकूर काल लिहून आईला वाचून दाखवला. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "फाटक मी लावलं होतं." तीन वर्षांत त्या तुकड्याविषयी ती एवढेच बोलली. म्हणून 'फाटक उघडे राहिले' हे वरचे वाक्य मी रद्द करतो व त्याजागी खरे लिहितो. सभेच्या अकरा दिवस आधी मी त्या तुकड्यापाशी गेलो. क्लोव्हर घोट्याच्या वर गेला होता, गर्द हिरवा. एक रोप उपटले. मुळांवर गाठी होत्या. एक नखाने फोडली, आतून ती गुलाबी निघाली; काम करणारी गाठ अशीच असते, असे तू लिहिले होतेस. मी बराच वेळ ती हातात धरून उभा राहिलो. मग फाटक माझ्या हाताने उघडले आणि मेंढ्या आत हाकल्या. म्हणजे सभेत 'नाही' म्हणताना मला सर्व ठाऊक होते.

आज उपासनेनंतर त्याच सभागृहात, त्याच लोकांपुढे, हा मजकूर मी उभा राहून वाचला. या वेळी कोणी हसले नाही. रायनहोल्ट पुढे आला. "तीन वर्षं माझी मेंढरं चाऱ्याविना उघड्या वाळूत उभी होती, ट्राउगॉट. अर्धी विकली मी." मी म्हणालो, "होय." तो म्हणाला, "साक्षीची सही करतो, ती पोरीसाठी. तुझ्याशी हात मिळवणार नाही." हे मला योग्य वाटले.

क्षमा मागण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही, म्हणून मागत नाही. प्रयोग पुन्हा सुरू झाल्यास माझे चाळीस एकर तुझ्या हवाली आहेत. तू सांगशील त्या दिवशी आणि तू सांगशील तसे पेरीन.

तुझ्या कामाचा अपराधी,
तुझा पिता
ट्राउगॉट योहान नोआक

वाचनाच्या वेळी हजर व साक्षीदार:
पाद्री मार्टिन त्स्वार
रायनहोल्ट पेख, शेजारी
ओटिली नोआक, पत्नी. सर्वांच्या आधी सही हिने केली.