त्याच मुलीला परत

बाई, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की पुलगावात तुमचा विषय काढला तर निम्मी माणसं "कोणत्या बाई?" असं विचारतात. मला राग येतो, पण आज रागाचं नाही, कामाचं लिहायला बसले आहे. मी पोटापाण्यासाठी काय करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. नागपूरच्या एका संस्थेत आहे. औषधं, रोगांच्या तपासण्या, जनावरांच्या लसी असलं काहीतरी नवीन शोधू पाहणाऱ्या, अजून धड उभ्याही न राहिलेल्या छोट्या कंपन्यांना आम्ही पहिलं भांडवल देतो आणि पुढे त्यांची पाठराखण करतो. हल्ली त्याला स्टार्टअप म्हणतात. तुम्ही ऐकलं असतंत तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "म्हणजे दुसऱ्याच्या पैशानं प्रयोग करून राह्यली तू." थोडंफार तसंच आहे.

नाचणगावची एक मुलगी आहे. तिच्या मोठ्या भावाला सिकलसेल, रक्ताचा पिढीजात आजार. तुमच्या वर्गातही थंडी पडली की सांधे धरून घरी बसणारी दोन-तीन पोरं होती, आठवतात ना? या भावाच्या दुखण्याला घरचे कित्येक वर्षं वातच समजत होते. म्हणून तिने आणि तिच्या मैत्रिणीने रक्ताच्या एका थेंबावर गावातल्या गावात हा आजार ओळखणारी पट्टी बनवायला घेतली. पहिले पैसे आम्हीच दिले. हिवाळ्यात पट्ट्या छान चालल्या. मग गेल्या मे महिन्यात घरोघर आरोग्याची चौकशी करत फिरणाऱ्या आशाताईंच्या पिशवीत त्या आपल्या उन्हात फिरल्या आणि सगळ्यांचा रंग एकसारखा तपकिरी झाला. पैसे संपले होते. तिने स्वतः नागपूरला येऊन त्या बिघडलेल्या पट्ट्या आमच्या टेबलावर मांडल्या, काही लपवलं नाही. दुसरा हप्ता मिळाला तरच पुढचं काम, नाहीतर पुलगावातल्या भाड्याच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या. आमच्या समितीतली माणसं वाईट नाहीत. आधी पट्टी टिकवून दाखव, मग बघू, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या एकाने विचारलं, "त्याच मुलीला परत?" आणि मी एकदम आपल्या शाळेत जाऊन पोचले.

नववीची दिवाळीची सुट्टी. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक, दसऱ्याला हळदकुंकू लावायचं आणि वर्षभर कपाटात कुलूप घालून ठेवायचं. तुम्ही तो स्वतःच्या शालीत गुंडाळून माझ्या हातात देता आणि म्हणता, "काय दिसलं ते सांगजो." मी कांद्याची पातळ साल बघते, विहिरीतलं हिरवं पाणी बघते, बोटाला सुई टोचून माझंच रक्त बघते. एका दुपारी घाईघाईत मोठं भिंग फार खाली नेते. काच तडकते, भिंगावर ओरखडा उठतो. मी रडत तुमच्या स्वयंपाकघरात येते तेव्हा तुम्ही चकल्या तळत असता. गॅस बारीक करून तुम्ही भिंग खिडकीशी धरता. "आता तुले समजलं, किती खाली न्यायचं ते," एवढंच बोलता आणि हातावर दोन चकल्या ठेवता, त्यातली एक करपलेली. शाळा उघडल्यावर हेडमास्तरांनी आपल्या दोघींना बोलावलं. तुम्ही म्हणालात, "वापरून खराब झालं, सर. कपाटात ठेवून नाई झालं." भिंगाची दुरुस्ती तुमच्या पगारातून झाली असावी, असा मला अजून संशय आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही तो पुन्हा मलाच दिलात. हेडमास्तरांनीही हेच विचारलं होतं, त्याच मुलीला परत? तुम्ही म्हणालात, "तिलेच. बाकीच्याइले अजून मोडायचा अनुभव नाई."

समितीत मी तुमचं नाव घेतलं नाही, पण भांडले तुमच्यासारखीच. आपला मे महिना त्या पट्टीचं काय करतो हे आज फक्त या मुलीला ठाऊक आहे, असं सांगितलं. जबाबदारी माझ्या अंगावर घेतली. पैसे मिळाले. नव्या पट्ट्या तयार झाल्या, आता पुन्हा मे तोंडावर आला आहे आणि या खेपेला त्या टिकल्या नाहीत तर तिसऱ्यांदा कोणी दारात उभं करणार नाही, तिलाही आणि मलाही.

मला वाटलं होतं, देणं हेच अवघड. छे. दिल्यापासून मी तिला दर दोन-तीन दिवसांनी फोन करते. फ्रिज चालू आहे ना, रंग नीट उमटतोय ना, डॉक्टरांना भेटलीस का. परवा ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमचा फोन आला का हातातलं काम सोडून मी उत्तरच शोधत बसते. सांगण्यासारखं झालं का मीच करीन ना फोन." मला लागलं. दिवसभर फुगून बसले. मग संध्याकाळी तो उन्हाळा आठवला. तुमचं घर दोन गल्ल्या सोडून. बाजारात भेटायचात, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचात, आंबे महाग झाले म्हणायचात. सूक्ष्मदर्शकाबद्दल अख्ख्या सुट्टीत एका शब्दाने विचारलं नाहीत. मला तेव्हा वाटलं, बाई विसरल्या. हेडमास्तरांपुढे टाकलेला तुमचा शब्द माझ्या घरात खाटेखाली पडून होता आणि तुम्ही आंब्यांचा भाव विचारत होतात. कसं जमवलंत? खरंच विचारते आहे. आमच्याकडे पैसे कसे द्यावेत याची शिबिरं होतात, दिल्यावर गप्प कसं बसावं हे कोणी शिकवत नाही. तुमची फार आठवण येते.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही. पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, वरचं एवढं सगळं लिहून झाल्यावरही मी तिला फोन लावलाच. तिने उचलला नाही. मला फार बरं वाटलं, बाई.