डावखुऱ्या वाकसाचे घाव

ब्रेस्ट, मार्च १७८१

प्रिय एलेओनोर,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पत्र चुलीत घालशील, हे गृहीत धरूनच लिहितो आहे. पण तुझं कुतूहल तुझ्या रागापेक्षा वयाने थोर आहे. तेव्हा अर्धं तरी वाचशीलच.

गेल्या महिन्यात आपल्या आरमाराने एक इंग्रज युद्धनौका धरून आणली. दुरुस्तीला ती माझ्या गोदीत आली. नाव इंग्रजी, रंग पिवळा, आत उकडलेल्या मटणाचा चिरंतन वास. आतल्या फळ्या उचकटल्या, तेव्हा गोदीतला म्हातारा सुतार कोरांतँ कंदील घेऊन तिच्या फासळ्यांपाशी वाकला आणि उठेचना. मला वाटलं, कंबर धरली. मग म्हणाला, "तांगी, नाव कुणाचंही असो, हात तुझ्या बापाचा आहे."

साऱ्या ब्रेस्टमध्ये डावखुरा जहाजसुतार एकच होता. लाकूड तासताना त्याच्या वाकसाचे घाव इतरांच्या उलट दिशेने उतरत. प्रत्येक फासळीवर ते होते, माशाच्या खवल्यांसारखे. म्हणजे ही आपली 'ला पासियांत'! तिचा कणा नुसता मांडलेला असताना त्यावर बसून तू माझ्या वाटणीची क्रेप खाल्ली होतीस. मी विसरलेलो नाही.

माझे बाबा तिला बांधणारे मुख्य सुतार, तुझे बाबा तिचे कप्तान. बावीस वर्षांपूर्वी इंग्रजांशी लढताना तळात पाणी भरलं आणि कप्तानसाहेबांनी निशाण उतरवून ती शत्रूच्या हवाली केली. चौकशीत ते म्हणाले, लाकूड कच्चं होतं, सांधे सुटले. बाबांची गोदी सुटली. ते मरेपर्यंत म्हणत राहिले, कप्तान भ्यायला. गावाने उदार अंतःकरणाने दोघांवरही विश्वास ठेवला. माझे बाबा लबाड ठरले, तुझे भित्रे.

आता कच्चं लाकूड काही बावीस वर्षं शत्रूची चाकरी करत नाही. बाबा निर्दोष! मी लगेच अहवाल लिहायला बसलो. वाक्यं फारच सालंकृत जमत होती. पण जिज्ञासा ही वाईट खोड. बाहेरच्या फळ्याही काढायला लावल्या.

पाण्याच्या रेषेखाली दोन हात, सात फासळ्या फुटलेल्या. सहांत इंग्रजांनी नवे तुकडे बसवलेत, घाव उजव्या हाताचे. सातवीत गोळा अजून रुतलेला आहे. त्याचा व्यास मोजला. इंग्रजी तोफेचा. म्हणजे जहाज आपलं असतानाच लागलेला. धूर, पिंपं, कमरेएवढं पाणी. त्या अंधारात भोकं कुणाला दिसणार? सांधे सुटले, असंच तुझ्या बाबांना खरोखर वाटलं असणार. सात भोकांनिशी ते संध्याकाळपर्यंत लढले, एलेओनोर. दोन सत्यवादी माणसं जन्मभर एकमेकांना खोटं म्हणत राहिली.

अहवाल फाडून नवा लिहिला. त्यात दोघंही आहेत. पण अहवालात न मावणारी एक गोष्ट उरते. बाबांना पुरलं त्या दिवशी कप्तानसाहेब टोपी काढून चर्चच्या पायऱ्यांवर उभे होते, आणि मी त्यांना सर्वांदेखत भ्याड म्हणालो. तू माझ्याकडे पाहिलंस, ते शेवटचं. आता त्यांचे डोळे गेलेत, ते घराबाहेर पडत नाहीत, असं ऐकतो. सोमवारी नव्या फळ्या बसतील आणि हे सारं झाकलं जाईल. त्याआधी, शनिवारी तुमच्याकडे लॉन्देर्नोला गाडी पाठवतो, त्यांना घेऊन ये. बोटांनी आधी बाबांचे घाव चाचपू देत, मग तो गोळा. गोळ्यापाशी मी उभा असेन, टोपी काढून. त्यांना दिसणार नाही. तेवढं तू सांग.

उशिरा शहाणा झालेला,
तुझाच तांगी