कर्ता चुकला

आदरणीय दौलतताई यांस,

अलेक्झांड्रियाहून शाकिरचा सलाम. गुडघे कसे आहेत? इकडे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं बाल्कनीचं लोखंड आणि माझी हाडं एकाच वेगानं गंजतायत, बाकी अल्लाची कृपा.

पत्रास कारण मयादा. आईबाप कुवेतला, नात माझ्याकडे, आणि सतराव्या वर्षी पोरगी प्रेमात पडली. मुलगा पाहावा म्हणून मी चष्मा शोधला, तर तो कादंबरीतला निघाला. नाव राजपुत्र मोर्दान, वय चारशे दहा, धंदा माणसांचं रक्त पिणे. यानं सख्ख्या भावाला दगा दिला, दोन गावं जाळली आणि एका मठातले अकरा म्हातारे एका बैठकीत संपवले (म्हाताऱ्यांचं मला विशेष लागलं). मी म्हटलं, "पोरी, जीव लावायला बरा माणूस मिळाला नाही?" तर म्हणते, "ए आजोबा, तुझ्या कवितांतली प्रेयसी रोज नजरेनं एकेकाला ठार करते. तिला कधी खुनी म्हणालास?" चाळीस वर्षं शाळेत जुनं काव्य शिकवलं, त्या ओळी दर वर्षी पोरांकडून पाठ करून घेतल्या, हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नव्हता.

म्हणून पुस्तक वाचायला घेतलं, हातात लाल पेन्सिल (सवय). आपल्या अरबीत शब्दाच्या शेवटची एवढीशी खूण बदलली की मारणारा मरतो आणि मेलेला मारतो, हे तुम्हाला काय सांगायचं. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर छापलं होतं की नायिकेनं मोर्दानला मारलं. मला वाटलं, छापखान्याची डुलकी. खुणा बदलून मी मोर्दानकडून नायिकेला मारवलं, समासात 'कर्ता चुकला' लिहिलं आणि दोन गुण कापले. ताई, ती चूक नव्हती. अख्खी कादंबरी त्या खुणेवर उभी होती. शिवाय त्याच पानावर लेखिकेची सही, पोरीनं तीन तास रांगेत उभं राहून घेतलेली.

तेव्हापासून नऊ दिवस मी 'ए आजोबा' नाही. "अहो मास्तर, मोलोखिया वाढू का?" एवढंच बोलणं. पालेभाजी तीच, पण चव गेली.

आता दुपारभर बसून विचार करतो. लग्नाआधी तुम्ही आपल्या बहिणीला, इन्शिराहला, बजावलं होतं, "हा कवितावाला तुझं रक्त पिईल." तुमचं खोटं नव्हतं. थोरला जन्मला त्या दिवशी मी कविसंमेलनात होतो आणि घरी येऊन बस चुकल्याचं सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं (तुम्हीच सांगितलं असणार). तरी मी इन्शिराहला जिंकलं. हा सुधारेल म्हणून तिनं जीव लावला, की सुधारणार नाही हे ओळखून? ती होती तोवर विचारायचं राहून गेलं, आणि आता त्या मोर्दानच्या पुस्तकात उत्तर शोधतोय.

आपल्या बहिणीचा नवरा,
शाकिर

ता.क. : तुमच्या गल्लीतल्या पुस्तकवाल्याकडून दुसऱ्या भागाची कोरी प्रत पाठवा. तिसरा निघाला असेल तर त्याच्या दोन. एक माझी, वेगळी बांधून. मोर्दान मेलाय, पण या लोकांचं मरण फारसं मनावर घ्यायचं नसतं. तो सुधारतो का, ते कळवू नका. फार सुधारू नये असं वाटतं.

आणखी ता.क. : वर 'मी इन्शिराहला जिंकलं' या वाक्यावर लाल खुणा दिसतील. त्या माझ्या नाहीत. मी चहा ठेवायला उठलो तेवढ्यात मयादानं पत्र वाचलं आणि जिंकणारी इन्शिराह करून टाकली. म्हणाली, "कर्ता चुकला, ए आजोबा. दोन गुण कापले."