पंधरा बटणी इंजिन

२ फेब्रुवारी

चाकं आली! लाल, तळहाताएवढी. ठोकळ्यांच्या क्लबात सगळे आठ बटणं, म्हणजे ठोकळ्यावरचे आठ उंचवटे, रुंद आगगाड्या करतात. मला तसली बाहुलीची गाडी नको. चाकावरून इंजिनाचं माप ठरतं, आणि ह्या चाकांवर पंधरा बटणं रुंद इंजिनच शोभेल. लांबी जवळजवळ जेवणाच्या टेबलाएवढी.

"प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी खेळायचं वय आहे का हे?" — सासूबाई. पेल्यातली कवळी तोंडात बसवता बसवता.

९ फेब्रुवारी

आज क्लबात ड्रायव्हरकाकांनी चारचौघांत पकडलं. पातळ पट्ट्या एकमेकींत इतक्या घट्ट बसतात की नखाने सुटत नाहीत. मग मी दातांनी सोडवते. सगळेच सोडवतात! काकांनी जन्मभर खरी इंजिनं चालवली, आता आमच्यावर डाफरतात. पट्टी उजेडात धरून म्हणाले, "हा चावा हिचा. बघा, कसे एका ओळीत दात! चोरीला गेली तरी ओळखीन मी."

प्रदर्शन सोळा मार्चला. ज्याचं इंजिन न अडखळता वळण पार करेल, त्याला दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात ठोकळ्यांच्या बांधणीचं कायमचं काम. वर राहायला खोली! घरी बोलले नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासताना डोक्यात एकच — खोली, खोली, खोली.

१९ फेब्रुवारी

दात गेला.

२० फेब्रुवारी

काल दोनच शब्द लिहिले. बाकीचं आज.

जेवण वाढायला उशीर झाला, एवढंच. मी इंजिनाची चौकट जोडत होते. नवऱ्याने मागून मान धरली आणि तोंड खाली आपटलं — माझ्याच चौकटीवर. आत लोखंडी सळई आहे. ती काही हलली नाही! वरचा समोरचा दात अर्धा उडाला, उरलेला आज डॉक्टरीणबाईंनी काढला. "कसं झालं?" माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, "पाय घसरला."

मलम त्यानेच आणलं. स्वतःच्या औषधाच्या दुकानातून. गल्लीतला देवमाणूस! म्हाताऱ्यांना गोळ्या घरपोच देतो. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. माझ्याकडे आता दोन्हींत एक कमी.

ती सळई उपसून त्याच्या गुडघ्यावर घालावी असं दिवसभर वाटत होतं. दोन्ही गुडघ्यांवर.

२७ फेब्रुवारी

वळणावर अडतंय. मधली चाकं रुळाला घासतात. दुपारभर डोकेफोड केली, तेव्हा कळलं — मधल्या चाकांना रुळाला धरणारी कडाच नको! दुकानात काचा घासायच्या यंत्रावर चारही चाकांच्या कडा उडवल्या. क्लबाच्या नियमाने ठोकळा घासणं म्हणजे पाप. असू दे.

३ मार्च

वळण पार! अकरा किलोचं इंजिन लोण्यासारखं फिरलं. हसले, आणि हात आपोआप तोंडावर गेला. सवयच लागली आहे.

११ मार्च

काकांचा फोन त्याने उचलला. काका बिचारे आनंदाने बोलून बसले असणार.

"खोली? कुठली खोली? कुणाबरोबर?" मग इंजिनाला लाथ. बॉयलर भिंतीवर, केबिन कपाटाखाली. दुसरी लाथ मला, बरगडीत. तिसऱ्याच्या वेळी त्याने माझं तोंड दाबलं आणि मी त्याच्या हाताचा चावा घेतला. मनगटाच्या वर. जोर लावून, पट्टी सोडवताना लावते तेवढा. रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. ओरडला! आठ वर्षांत पहिल्यांदा तो ओरडला.

१२ मार्च

रजा टाकली. बरगडी दुखते, पण चौकट शाबूत आहे, सळईची कृपा. वाकून एकेक ठोकळा वेचला. एक पांढरा बारका तुकडा कुठेच बसेना. उलटसुलट करून पाहिला. माझा दात होता तो, इतके दिवस चौकटीत अडकलेला.

मग पट्ट्या नीट पाहिल्या. चौकटीतल्या पट्ट्यांवर अख्खा चावा. बॉयलरमधल्यांवर मध्ये रिकामी जागा. रडले नाही. इतकी संतापले की हातातला कप भिंतीवर फोडला.

तो गल्लीत सांगतोय, कुत्रं चावलं. लोकांना दाखवायला इंजेक्शनही घेतलं म्हणे!

१४ मार्च

"भांड्याला भांडं लागायचंच," सासूबाई म्हणाल्या. पण कपाटाखालचे ठोकळे त्यांनीच झाडूने ओढून वाटीत भरून दिले. वाटी ठेवून थांबल्या. "दात डावीकडचा ना?" मी मान हलवली. आपल्या गालावर हात ठेवून निघून गेल्या.

१६ मार्च

तोही आला प्रदर्शनाला. सगळी गल्ली येणार म्हटल्यावर देवमाणसाला नाही कसं म्हणता येईल!

इंजिन वळणावर गेलं. माझा श्वास अडकला, ते नाही अडकलं. टाळ्या! काकांनी तपासायला झाकण काढलं, आतून दोन पट्ट्या सुट्या केल्या, उजेडात धरल्या. "खालच्या चौकटीतल्या पट्टीवर चावा अख्खा, वरच्या बॉयलरच्या पट्टीवर एक दात नाही. दोघांनी बांधलंय का?"

"हो, हो! दोघांनी," असं म्हणून त्याने हस्तांदोलनाला हात पुढे केला. बाही वर सरकली. काकांनी तो हात सोडलाच नाही. मनगटावरचा चावा उजेडाकडे वळवला. "ह्या कुत्र्यालाही एक दात कमी होता वाटतं."

कुणी हसलं नाही. मी तोंडावरचा हात काढला आणि तोंड उघडलं. अख्खं. गल्लीने पाहिलं, क्लबाने पाहिलं.

त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या कानशिलात मारली. घराबाहेर पहिल्यांदाच. चौघांनी धरला त्याला. कान अजून वाजतोय.

आज काकांच्या सुनेकडे राहिले आहे. संग्रहालयाचं पत्र पिशवीत आहे.

१७ मार्च

पोलीस ठाण्यात जबाब दिला. हवालदारीणबाई म्हणाल्या, "तुमचे मिस्टर म्हणतात, पाय घसरला. घरातलं कुणी पाहिलंय?" मी पिशवीतून दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. तेवढ्यात दारात सासूबाई. वाटलं, झालं, आल्या लेकाला सोडवायला. त्या माझ्याकडे न बघता टेबलाशी आल्या, तोंडातली कवळी काढली आणि माझ्या दोन पट्ट्यांशेजारी ठेवली. बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "हे ह्याच्या बापाने. हिचं ह्याने. पाय घसरला म्हणायचं, ते खोटं माझं. लिहा."